चौकट लहान आहे

पहिल्याच भेटीत डॉक्टर बुदूर म्हणाल्या,
डोकं धरून बसलेली बाई नको.
खिडकीतून समुद्र बघणारा पुरुष नको.
आणि दोन तळहातांत उगवलेलं ते रोपटं
आधी काढा, परकार.

काढलं.
मग पानावर उरलं नुसतं पांढरं.
पांढरं म्हणजे हॉस्पिटल, त्या म्हणाल्या.
निळं म्हणजे बँक. हिरवं तर फार्मसी.
शेवटी आम्ही जिना उतरून
अदलियाच्या त्या गल्लीत उभे राहिलो, भर चारच्या उन्हात,
आणि त्यांच्याच व्हिलाची भिंत बघितली.
चहात बुडवलेल्या खुबूसचा रंग आला होता तिला
उन्हाळे खाऊन खाऊन.
तोच घेतला.

फोटो एकच. जिन्यावरचं दार, अर्धं उघडं,
बाहेर चपलांचा एक जोड.
मी दोन मांडले होते, शोभेला.
त्यांनी एक उचलून आत नेला.
दोन दिसले की माणूस खालूनच परत जातो, म्हणाल्या,
आपल्याला कुणी बघेल म्हणून.

इंग्रजी डावीकडून येते, अरबी उजवीकडून.
एकीत ज्या बाजूला 'पुढे',
दुसरीत त्याच बाजूला 'मागे'.
दोन दिवस बाण उलटेसुलटे करून बघितले,
मग काढूनच टाकले.
खाली सरकत जा म्हटलं.
खाली सगळ्यांचं एकाच दिशेला असतं.

'रुग्ण' गेला. 'समस्या' गेली.
'अपॉइंटमेंट बुक करा'च्या जागी
'बोलायचंय'.
फी लपवायची नाही, दिनारात, स्वच्छ.
आणि बटणाच्या वर, बटणापेक्षा मोठ्या अक्षरांत:
तुमच्या कंपनीला कळणार नाही.
कफीलला नाही. घरीही नाही.
('घरीही' मी सुचवलं.)

हट्ट म्हणावा असा माझा एकच होता.
पान उघडताना ते गोल गोल फिरणारं चक्र नको.
का, त्यांनी विचारलं.
पान जड होतं, मी म्हणालो.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे,
आणि गहवा ओतला.

रात्री दोनला गुदैबियाच्या खोलीत
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं,
शेजारच्या कॉटवर दस्तगीर घोरत होता.
मी फॉर्म तपासायला घेतला.
नाव: कखग.
फोन: एक दोन तीन चार, पुढेही तसंच.
'काय होतंय?' ह्या चौकटीत
मी नेहमी 'चाचणी चाचणी' लिहितो.
लिहिलं ते असं:

अब्बांचा जनाजा मी फोनवर बघितला.
रजा मिळाली नव्हती. दाभोळला नेटची एकच काडी.
अझीम मोबाईल उंच धरून पडवीत उभा.
तोंडावरचा कपडा सारला आणि तेवढ्यात सगळं अडकलं,
त्यांच्या चेहऱ्यावर ते चक्र फिरत राहिलं,
फिरतच राहिलं. तेव्हापासून मी

'पाठवा' दाबलं.
टिक आली. चालतंय.
लॅपटॉप मिटला, बादली ओतून आलो.

सकाळी निरोप, दोनच ओळींचा.
फॉर्म पोचला.
चौकट लहान आहे, वाक्य तुटतंय, मोठी करा.

बस. कोण कखग, विचारलं नाही.

कोड उघडला.
अडीचशे अक्षरांची मर्यादा मीच घातलेली,
कधीतरी मुहर्रकच्या एका सोफेवाल्यासाठी लिहिलेली,
तिथून तशीच उचलून आणलेली.
सोफ्याबद्दल माणूस तेवढंच बोलतो.
ती ओळ पुसली.
आता लिहाल तशी चौकट
खाली खाली वाढत जाते.

बदल केला की पुन्हा तपासायचं,
आमच्या धंद्याचा नियमच आहे तो.
दस्तगीर ड्यूटीवर गेलाय.
नावाच्या जागी 'क' लिहिला, खोडला,
रिकामंच ठेवलं. चालतं, नाव आम्ही सक्तीचं केलेलं नाही.
कर्सर लुकलुकतोय.

तेव्हापासून मी